टाळू गुळगुळीत दिसू लागली, की तेलाची बाटली बाजूला ठेवा

२०२४ सरता सरता बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यातून आलेल्या बातम्या आपल्यापैकी अनेकांनी धास्तावून वाचल्या असतील. एकामागून एक गावांत तोच प्रकार. डोक्याला खाज सुटायची, केस हातात यायचे आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. आयसीएमआरची पथकं आली, पाण्याचे नमुने गेले. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांत सेलेनियम फार वाढल्याचं सांगून रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. या सगळ्या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. पुढे अनेकांचे केस पुन्हा उगवू लागले, कारण मुळं शाबूत होती.

हा लेख मुळं शाबूत न राहणाऱ्या केसगळतीबद्दल आहे. ती बातमी होत नाही, कारण ती हळूहळू येते, एकेकट्या माणसाला गाठते आणि बहुतेक वेळा कोंडा, चाई किंवा ‘वयामुळे विरळ झालेत’ या नावांखाली दोन-तीन वर्षं खपून जाते. डॉक्टर तिला व्रणजन्य केसगळती किंवा स्कारिंग अलोपेशिया म्हणतात. प्रमाणाने ती साध्या केसगळतीपेक्षा कितीतरी कमी, पण त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात जी काही मोजकी दुखणी ‘लवकर आलात तर बरं’ या वर्गात मोडतात, त्यांतली ही एक.

आधी केसाच्या मुळाची रचना समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं जाईल. केस जिथून उगवताना दिसतो ते फक्त छिद्र असतं. खाली काही मिलिमीटर खोल त्याचा कंद असतो. पण केस गळल्यावर पुन्हा नवा उगवण्याची सोय त्या कंदात नसते. ती थोडी वर, तेलग्रंथीच्या जरा खाली असते. अंगावर काटा येतो तेव्हा केस उभा करणारा बारीकसा स्नायू जिथे मुळाला चिकटलेला असतो, तिथेच मूळपेशींचं ठाणं आहे. चाई पडते तेव्हा दाह खाली कंदाभोवती असतो. केस झडतात, पण ठाणं सुरक्षित राहतं, म्हणून चाईचे चट्टे भरून येतात. बाळंतपणानंतर, डेंग्यूनंतर किंवा टायफॉइडनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जातात, तेही याच कारणाने परत येतात. व्रणजन्य प्रकारात दाह वरच्या ठाण्यावर होतो. मूळपेशी मरतात, तेलग्रंथी नाहीशी होते आणि त्या जागी जखमेच्या वणासारखे तंतू भरतात. मग छिद्रच बुजतं. त्यानंतर माका, जास्वंद, कांद्याचा रस, सीरम, महागडं इंजेक्शन, कशानेही त्या जागी केस येत नाही. उपचार करायचे ते अजून जिवंत असलेल्या मुळांसाठी, आणि म्हणूनच वेळेला इतकं महत्त्व आहे.

घरी काय पाहायचं ते सांगतो. दुपारच्या उजेडात खिडकीशी बसा. ट्यूबलाइटखाली नको, त्या प्रकाशात सगळ्यांचीच टाळू चमकते. केस कोरडे हवेत, तेल, पावडर, काळा फायबर काहीही लावलेलं नको. घरातल्या कुणाला तरी विरळ जागेचा जवळून फोटो काढायला सांगा आणि तो मोठा करून पाहा. विरळ झालेल्या जागी बारीक छिद्रं दिसतात का? दिसत असतील, तर बहुधा साधी केसगळती आहे, धीराने घ्या. छिद्रं दिसत नसतील, कातडी गुळगुळीत, ताणलेली, किंचित चकाकणारी वाटत असेल, तर सावध व्हा. मग कडेचे केस पाहा. त्यांच्या बुंध्याशी पांढुरकी खपली चिकटली आहे का? कोंडा टाळूभर सुटा पडतो, हाताने झटकला की खांद्यावर येतो. ही खपली मात्र केसाच्या बुंध्याला कॉलर घातल्यासारखी धरून बसते. एकाच छिद्रातून पाच-सहा किंवा अधिक केसांचा झुबका निघतोय का? दाबल्यावर दुखतं का? खाज आणि आग यांतला फरकही लक्षात घ्या. ‘टाळूची आग होते, उन्हातून आल्यावर जास्त होते’ असं कुणी बाई म्हणाली, तर तिला केसांच्या तेलाची जाहिरात दाखवू नका, त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या.

आणखी एक खूण आहे, तिच्याकडे आपलं अजिबात लक्ष जात नाही. माथ्यावरच्या मधल्या भागात केस लांब वाढतच नाहीत, मधूनच तुटतात. बाई म्हणते, ‘माझे केस फाटतात.’ पार्लरवाली स्पा सांगते. पण माथ्यावर एकाच ठिकाणी महिनोन्‌महिने तुटणारे केस ही एका विशिष्ट रोगाची पहिली चाहूल असू शकते. तो रोग जगात सर्वांत जास्त अभ्यासला गेला, तो आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांमध्ये. त्याची हकिगत थोडी विस्ताराने सांगतो, कारण रुग्णाला दोष देण्याची घाई किती महाग पडते, ते तिच्यातून दिसतं.

१९६८ मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी काळ्या स्त्रियांमधल्या या टक्कलाचं वर्णन केलं आणि त्याला थेट ‘हॉट कोम्ब अलोपेशिया’ असं नाव दिलं. केस सरळ करायला तापवलेला धातूचा कंगवा वापरत, आधी पेट्रोलियम जेली लावत, ती वितळून मुळात जाते आणि मूळ जळतं, असा तो तर्क होता. म्हणजे बाईचं टक्कल ही बाईच्याच नटण्याची शिक्षा. पुढे लक्षात आलं, की ज्यांनी तो कंगवा वर्षानुवर्षं हातात धरला नाही, त्यांनाही हा रोग होतोय. १९९२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं, की केसाच्या मुळाचं आतलं आवरण वेळेआधीच, खूप खाली सुटून येतं. २००१ मध्ये केसतज्ज्ञांच्या एका परिषदेत सगळ्या व्रणजन्य केसगळतींची नव्याने वर्गवारी झाली आणि या रोगाला ‘सेंट्रल सेंट्रिफ्यूगल सिकॅट्रिशियल अलोपेशिया’ हे नाव मिळालं. माथ्याच्या मध्यावर सुरू होऊन बाहेरच्या बाजूला गोलाकार पसरत जाणारं, व्रण ठेवून जाणारं टक्कल, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टर लोक सीसीसीए म्हणतात.

खरा धक्का २०१९ मध्ये बसला. दक्षिण आफ्रिका, अमेरिका आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ५८ रुग्ण स्त्रियांचा अभ्यास मांडला. त्यांपैकी १४ जणींमध्ये, म्हणजे जवळपास चौथ्या हिश्शात, पीएडीआय-३ या जनुकात दोष सापडला. केसाचा दांडा घट्ट घडवण्यासाठी लागणाऱ्या एका विकराची सूत्रं या जनुकात असतात. म्हणजे या बायकांचे केस मुळातच नाजूक घडलेले होते. ताण, उष्णता, रसायनं यांनी त्यांत भर पडत असेल, पण दोष निव्वळ कंगव्याचा नव्हता. पन्नास वर्षं जो आळ त्यांच्यावर होता, तो अर्ध्याहून अधिक उतरला. त्याच्या आदल्या वर्षी जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी चार लाख सत्त्याऐंशी हजारांहून अधिक काळ्या स्त्रियांच्या नोंदी तपासल्या होत्या. सीसीसीए असलेल्यांपैकी १३.९ टक्के जणींना गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होत्या, इतरांमध्ये हेच प्रमाण ३.३ टक्के होतं. दोन्ही ठिकाणी शरीर गरजेपेक्षा जास्त तंतू तयार करतं. तेव्हा टाळू पाहणाऱ्या डॉक्टरांनी पाळीविषयी विचारलं, तर त्यात वावगं काही नाही. प्रश्न योग्यच आहे.

आफ्रिकी वंशाची माणसं आपल्याला लांबची नाहीत. खडकी वसवणारा, १६२६ मध्ये वारलेला मलिक अंबर हबशी होता. मुरूडच्या जंजिऱ्यावर सिद्दी नवाबांचं राज्य १९४८ पर्यंत होतं. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या यल्लापूर-हल्याळच्या जंगलपट्ट्यात आणि गीरच्या जांबूर गावात सिद्दी वस्त्या आजही आहेत आणि त्यांतली माणसं मुंबईतही कामाला येतात. कुरळ्या केसांची सिद्दी बाई माथा विरळ झाल्याची तक्रार घेऊन आली, तर डॉक्टरांनी ‘फीमेल पॅटर्न’ म्हणून मिनॉक्सिडिलची बाटली लिहून देण्याआधी छिद्रं पाहावीत, आईला-मावशीला असंच होतं का ते विचारावं. ज्यांच्या ओळखीत असं कुणी असेल, त्यांनी हे मुद्दाम सांगावं.

आपल्या इतरांमध्ये मात्र कारणं वेगळी असतात. भारतात व्रणजन्य केसगळतीचा पाठपुरावा केला, की पुन्हा पुन्हा दोन नावं पुढे येतात. डिस्कॉइड ल्युपस आणि लायकेन प्लॅनोपायलॅरिस. दोन्हींत शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्था केसांच्या मुळांवर उलटते.

डिस्कॉइड ल्युपसचा एक अनुभव सांगतो. कांजूरगावातल्या माझ्या ओळखीच्या एका ताईंच्या टाळूवर रुपयाएवढा चट्टा पडला होता. चाई म्हणून गुंज उगाळून लावून झाली, कुणीतरी बिब्बाही सुचवला. चट्टा मधोमध पांढरा पडला, कडा काळी झाली, तेव्हा सासरच्या मंडळींत ‘कोड आहे’ अशी कुजबुज सुरू झाली आणि ताई लग्नकार्यात डोक्यावरचा पदर काढेनाशा झाल्या. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या, तर डॉक्टरांनी टाळूच्या आधी कान पाहिला. कानाच्या आतल्या वाटीसारख्या खळग्यात काळपट, खरखरीत खपली होती. ती ताईंना कधी जाणवलीच नव्हती. डॉक्टरांनी चट्ट्यावरची खपली चिमट्याने अलगद उचलली, तर तिच्या खालच्या बाजूला बारीक काटे दिसले. हे काटे म्हणजे छिद्रांत घुसलेले खपलीचे खुंट. सावळ्या कातडीवर ल्युपस असाच दिसतो. मधे रंग उडालेला, भोवती गडद कडा, मधली जागा खोलगट. कोडात कातडी खोल जात नाही, खपली धरत नाही, छिद्रं बुजत नाहीत. एवढा फरक माहीत असता, तर ताईंची ती सगळी वर्षं वाचली असती. बिब्बा तर कुणीही, कशावरही लावू नये. त्याचा चीक कातडी भाजतो आणि भाजल्याचा व्रण हे स्वतःच कायमच्या टकलाचं कारण होतं.

डिस्कॉइड ल्युपस उन्हाने चिघळतो, तंबाखू ओढल्याने औषधाला दाद देईनासा होतो. थोड्या रुग्णांमध्ये तो कातडीपुरता न राहता सांधे, मूत्रपिंड, रक्त यांच्यापर्यंत जातो. म्हणून एएनए, हिमोग्रॅम आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी लिहून दिली, तर ‘केसांसाठी लघवी कशाला?’ असं म्हणत ती टाळू नका.

लायकेन प्लॅनोपायलॅरिसमध्ये आग आणि खाज जास्त, केसाच्या बुंध्याशी खपली, चट्टे वेडेवाकडे, एकमेकांत मिसळत गेलेले. पाश्चात्त्य पुस्तकांत छिद्राभोवती ‘जांभळट लाली’ शोधायला सांगितलेली असते. गोऱ्या टाळूवर ती दिसते, आपल्या टाळूवर ती राखाडी-निळसर किंवा नुसती काळपट दिसते आणि पाहणारा ‘दाह नाही’ म्हणून मोकळा होतो. सावळ्या आणि काळ्या कातडीच्या रुग्णांचं निदान जगभर उशिरा होण्यामागे हे मोठं कारण आहे. मनगटावर जांभळे सपाट फोड, गालाच्या आत पांढरी जाळी, नखांवर उभ्या चिरा असतील, तर तेही डॉक्टरांना आपणहून दाखवा.

याच कुळातला एक प्रकार बायकांनी विशेष लक्षात ठेवावा असा आहे. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या स्टीव्हन कोसार्ड यांनी पाळी थांबलेल्या सहा स्त्रियांमध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. कपाळावरची केसांची रेघ एका सरळ पट्ट्यात मागे सरकते, भुवया विरळ होतात आणि जुन्या रेघेच्या जागी एखाद-दुसरा एकाकी केस उरतो. आपल्याकडे या बायका आधी वेगळ्याच तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलेल्या असतात: चेहरा, कानशिलं, मान राखाडी-काळपट पडणं. याला लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस म्हणतात आणि त्याचं हे नाव दिल्लीच्या एम्समधल्या डॉ. भुतानी आणि सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये दिलं. पुढे २०१३ मध्ये दरबानच्या डॉ. एनकोझा द्लोवा यांनी आपल्या आफ्रिकी रुग्णांमध्ये दाखवलं, की चेहऱ्यावरचा हा काळेपणा आणि मागे सरकणारी केसांची रेघ यांचा संबंध आहे आणि कित्येकदा काळेपणा आधी येतो. दिल्ली आणि दरबान इथली ही निरीक्षणं एकत्र वाचली, तर आपल्या बायकांना थेट उपयोगी पडणारी सूचना मिळते. चाळिशी-पन्नाशीत चेहरा राखाडी पडत असेल, त्याला वांग समजून गोरं करणाऱ्या क्रीम चोळत बसू नका, आरशात भुवया आणि कपाळाची रेघ पाहा. केसांचा डाय, मोहरीचं तेल, आवळ्याचं तेल यांच्याकडेही या काळेपणाच्या बाबतीत संशयाने पाहिलं जातं. निदान होईपर्यंत ती थांबवलेली बरी.

ओढून बांधलेल्या केसांविषयी मला कळकळीने बोलायचं आहे, कारण हा प्रकार पूर्णपणे टाळता येतो. सकाळी कांजूरमार्गला धीम्या लोकलच्या महिला डब्यात शिरलेल्या मुलींकडे पाहा. ओले केस, त्यांवर घट्ट पोनी, कपाळाजवळची कातडी ताणलेली. शाळेच्या रिबिनीतल्या दोन वेण्या, भरतनाट्यमच्या क्लासचा घट्ट अंबाडा, नर्सिंग किंवा हवाई सेवेतल्या नोकरीचा जाळीतला बन, लग्नाच्या मोसमात एक्स्टेन्शन लावून वर वजनदार गजरे. वर्षानुवर्षं ताण पडला, की कानांच्या वरचे आणि कपाळाकडेचे केस आधी तुटतात, मग मुळं व्रणाने भरतात. शीख पुरुषांमध्ये घट्ट जुड्यामुळे असंच होतं. केपटाऊनमध्ये शाळकरी मुली आणि प्रौढ स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा मुलींमध्ये सुमारे १७ टक्के आणि प्रौढांमध्ये सुमारे ३२ टक्के जणींना ताणामुळे आलेली केसगळती आढळली. वेण्या आणि रसायनं ही जोडगोळी तिथे जास्त घातक ठरली. आपल्याकडे स्मूदनिंग किंवा केराटिन केल्यावर लगेच घट्ट पोनी बांधणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. ओळखण्याची खूण सोपी आहे. कपाळाकडेला बारीक, आखूड केसांची झालर उरते आणि तिच्या मागे विरळ पट्टा असतो. केस बांधल्यावर डोकं दुखतंय, कडेला पुटकुळ्या येतायत, तर त्याच क्षणी सैल करा. सुरुवातीला सोडलं, तर केस परत येतात. दहा वर्षांनी सोडलं, तर येत नाहीत. शाळांनी रिबिनी घट्ट असण्याचा आग्रह सोडावा, ही मागणी पालकसभेत करायला हरकत नाही.

मुलांच्या बाबतीत एक इशारा. लहान मुलाच्या डोक्यावर पू भरलेला, मऊ, लिबलिबीत उंचवटा आला, केस सहज निघू लागले, मानेला गाठी आल्या, तर ते बऱ्याचदा गळू नसून बुरशीचा संसर्ग असतो. त्याला चीर देऊन पिळू नये. तोंडाने घ्यायचं बुरशीविरोधी औषध काही आठवडे घ्यावं लागतं, नुसत्या मलमाने भागत नाही. उशीर झाला तर कायमचा चट्टा उरतो. तरुण मुलग्यांना मानेच्या मागे, केसांच्या कडेला कडक पुटकुळ्या येत असतील, तर न्हाव्याला तिथे अगदी मुळापासून वस्तरा मारू देऊ नका. पिंपल म्हणून सोडून दिलेल्या या पुटकुळ्या पुढे जाड गाठीत बदलतात आणि तिथला केस जातो.

आता जायचं कुठे? कांजूरमार्ग, भांडुप, विक्रोळीकरांना सायनचं लोकमान्य टिळक रुग्णालय धीम्या लोकलने सोयीचं आहे, परळच्या केईएमलाही जाता येतं. दोन्ही ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालयं असल्याने त्वचारोग आणि बायोप्सी वाचणारे तज्ज्ञ एकाच आवारात भेटतात, आणि या दुखण्यात हाच मोठा फायदा आहे. खासगीत जायचं असेल, तर ‘हेअर क्लिनिक’ची पाटी पाहू नका, आत बसणारी व्यक्ती त्वचारोगात एमडी किंवा डीव्हीडी आहे का ते पाहा. पहिल्याच भेटीत प्लाझ्माच्या सुया किंवा पॅकेज सुचवलं आणि टाळूला भिंगही लावलं नाही, तर उठून या.

जाण्याआधी दोन दिवस तेल लावू नका, डाय करू नका, मुंडण तर मुळीच नको. काय काय लावलं, किती दिवस लावलं, मेडिकलमधून आणलेली कुठलीही मिश्र मलमं, वैद्यांचं तेल, सगळं लिहून न्या, शक्य तर ट्यूबच न्या. जुने फोटो न्या. दोन वर्षांपूर्वीचा लग्नातला फोटो डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा जास्त सांगतो. घरात कुणाला असं टक्कल, ल्युपस किंवा थायरॉइड आहे का, ऊन लागलं की अंगावर पुरळ येतं का, सांधे दुखतात का, हे आठवून ठेवा.

डॉक्टर डर्माटोस्कोपने टाळू पाहतील. हे दहापट मोठं दाखवणारं, दिवा असलेलं भिंग, दुखत काहीच नाही. सावळ्या टाळूवर बारीक पांढरे ठिपके सारख्या अंतरावर दिसतात, ती घामाची आणि केसांची छिद्रं असतात आणि ती निरोगी टाळूतही दिसतात. व्रणाच्या जागी ही सारखी मांडणी विस्कटते, छिद्रांची जागा ओघळल्यासारख्या पांढऱ्या पट्ट्यांनी घेतलेली असते. सीसीसीएमध्ये उरलेल्या केसांभोवती पांढुरकं-राखाडी वलय दिसतं. केस हळूच ओढूनही पाहतात. दाह चालू असेल, तर मुळासकट वाढीच्या अवस्थेतले केस हातात येतात.

भिंगाने बरंच कळतं, पण खात्री बायोप्सीने होते. इथे निम्मे लोक मागे फिरतात. ‘बायोप्सी म्हणजे कॅन्सर’ आणि ‘कापलं की पसरतं’ हे दोन्ही गैरसमज आहेत. प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात, त्यात रक्त थांबवणारं अॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. टोचताना क्षणभर आग होते, मग काही मिनिटं थांबायचं. टाळूला रक्तपुरवठा भरपूर, म्हणून हे थांबणं महत्त्वाचं. चार मिलिमीटर व्यासाची, पेनाच्या टोकासारखी दिसणारी पंच फिरवत चरबीपर्यंत नेतात, मुळाचा कंद वाटेत तुटू नये म्हणून. तुकडा चिमट्यात न चेंगरता वर घेतात, एक-दोन टाके घालतात. आठवडा-दहा दिवसांनी टाके निघतात. रक्त पातळ करणारी गोळी, अॅस्पिरिन चालू असेल किंवा भुलीच्या इंजेक्शनची ॲलर्जी असेल, तर आधीच सांगा.

तुकडा घेण्याची जागा चुकली, तर सगळं फुकट. पूर्ण गुळगुळीत झालेल्या मधल्या जागेतून घेतला, तर अहवालात ‘जुना व्रण’ एवढंच येतं, कारण रोग तिथून केव्हाच निघून गेलेला असतो. तुकडा कडेवरून हवा, जिथे केस आहेत, खपली आहे, आग होते. शक्य असेल तर दोन तुकडे घ्यावेत. एक उभा कापला जातो, दुसरा आडवा. आडव्या कापात एका नजरेत वीस-तीस मुळं दिसतात, उभ्यात दोन-चार. ल्युपसचा संशय असेल, तर आणखी एक तुकडा वेगळ्या द्रवात घालून इम्युनोफ्लुरोसन्ससाठी पाठवतात. ‘किती तुकडे घेणार, कुठून घेणार?’ हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे आणि चांगला डॉक्टर या प्रश्नाने खूश होतो.

अहवालात पाहायच्या गोष्टी थोड्याच. दाह लिम्फोसाइटचा की न्यूट्रोफिलचा? पहिला असेल, तर ल्युपस, लायकेन, सीसीसीए. दुसरा असेल, तर पुवाळ प्रकार, ज्यांना प्रतिजैविकं महिनोन्‌महिने लागतात. दाह अजून चालू आहे की विझलाय? तेलग्रंथी उरल्यात का? उरल्या असतील, तर आशेला जागा आहे.

उपचार प्रकाराप्रमाणे बदलतात. तीव्र स्टेरॉइड मलम, चट्ट्याच्या कडेला सुया, हायड्रॉक्सिक्लोरोक्विन (डोळे तपासून), डॉक्सिसायक्लिन. परिणाम केस उगवण्यात मोजू नका. आग थांबली, खपली गेली, चट्टा वाढायचा थांबला, याला यश म्हणायचं. दर तीन महिन्यांनी त्याच खिडकीशी, त्याच भांगाने फोटो काढून ठेवा, औषध बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंद करू नका. केसरोपणाचा विचार रोग पूर्ण थंड होऊन निदान वर्ष-दोन वर्षं गेल्याशिवाय करू नये. चालू दाहात लावलेले केस तोच दाह खाऊन टाकतो, आणि ते पैसे परत येत नाहीत. मधल्या काळात विग, फायबर, ओढणी, टोपी, जे मनाला बरं वाटेल ते वापरा. त्यात लाजण्यासारखं काही नाही. नवऱ्याने, सासूने, पार्लरवालीने ‘तूच केस नीट राखले नाहीस’ असं म्हटलं, तर तापलेल्या कंगव्यावरून बायकांवर आलेल्या त्या जुन्या आळाची गोष्ट त्यांना सांगा.

येत्या रविवारी घरातल्या आईची, बहिणीची, मुलीची टाळू खिडकीच्या उजेडात एकदा पाहा. छिद्रं दिसली नाहीत, तर सोमवारीच सायन किंवा केईएमच्या त्वचारोग विभागात केसपेपर काढा, पुढच्या महिन्यावर टाकू नका.